डबा

ओत्सो लष्करात गेला तीनशे सत्तेचाळीस दिवसांसाठी
आणि मागे ठेवून गेला एक दाढीवाला सरडा.
नाव पोमो. म्हणजे साहेब.
साहेबांना जिवंतच लागतं.

आधी दुकानातून रातकिडे आणायचे.
ते रात्रभर किरकिरत, आणि मेले की वास मारत.
माझं नाव सिर्का. फिनिशमध्ये त्याचा अर्थ रातकिडाच.
"एका घरात एवढ्या सिर्का कशाला," ओत्सो फोनवर म्हणाला,
"आई, झुरळं पाळ. ती बोलत नाहीत."

जे आयुष्यभर चपलेनं मारलं असतं
ते टपालानं मागवलं, पैसे मोजून.
चाळीस माद्या, दहा नर.
टपालवाला पोरगा म्हणाला, "आत काहीतरी हलतंय."
म्हटलं, "लोकर आहे."

डबा प्लास्टिकचा, भिंती गुळगुळीत, चढता येत नाही.
खाली गरम होणारी चटई. तीस अंश, कधी एकतीस.
आत अंड्यांचे ट्रे, पुठ्ठ्याचे,
उभे ठेवायचे, म्हणजे घाण खाली गळते.
सव्वीस वर्षं मी कागदाच्या गिरणीत लगद्यावर होते.
ट्रेला अंगठा लावला की कळतं
यात वर्तमानपत्रं किती आणि खोकी किती.
गिरणीनं शेवटी आम्हाला झुरळ झटकावं तसं झटकलं,
पण आधी केक दिला.

गाजर. संत्र्याची साल. मांजराचं खाणं कुटून.
वाटीत पाणी नाही, पिल्लं बुडतात. जेलचे खडे.
दोन महिने हातमोजे घालत होते.
तिसऱ्या महिन्यात एक मोजा हरवला,
मी फारसा शोधला नाही.

जानेवारीत बाहेर उणे सत्तावीस.
वीजबिल आलं तेव्हा मी माझ्या खोलीचा हीटर उतरवला,
त्यांचा नाही.
संध्याकाळी डब्याला पाय टेकवून बसायचे,
आणि आत पुठ्ठ्यावर सरसर, सरसर,
पाळी बदलताना माणसं जिना उतरतात तशी.

एका रात्री टॉर्चच्या उजेडात पाहिलं,
एका मादीनं अंड्यांची पिशवी पोटाबाहेर काढली,
लांबट, पिवळट,
जरा हवा दाखवली, वळवली,
आणि सगळीच्या सगळी परत आत घेतली.
मी टॉर्च बंद केला.
आपल्यात हे जमत नाही.

कात टाकलेलं झुरळ तासभर दुधासारखं पांढरं असतं.
पोमोला तीच आवडायची.
चिमट्यात धरायचं, कॅल्शियमच्या भुकटीत घोळवायचं,
आणि पुढे ठेवायचं. जीभ. संपलं.
एक मात्र मी ट्रेखाली लपवलं होतं.
का ते विचारू नका.

ओत्सो परत आला, डोकं भादरलेलं, मान रुंद झालेली.
औलूला शिकायला जायचंय म्हणाला, वसतिगृहात प्राणी चालत नाहीत.
लाहतीहून एक मुलगी आली,
पोमोला गरम पाण्याच्या बाटलीसकट खोक्यात ठेवलं,
दिवा घेतला, दगड घेतला,
डब्याचं झाकण उचललं आणि मागे सरकली.
"झुरळं नकोत, मी रातकिडे देते."
मी हसले ते तिला कळलं नाही.

आता दोन हजार तरी असतील.
खाणारं कुणी नाही.
"फ्रीझरमध्ये ठेव," ओत्सो जाताना म्हणाला,
"झोपेतच जातात. काही दुखत नाही."
मी ब्लूबेरीच्या पिशव्या हलवून एक कप्पा रिकामा केला.
ऑगस्टपासून तो रिकामाच आहे.

काल चटईचं बटण बंद केलं
आणि खुर्ची ओढून बसले.
एकतीस. तीस. बराच वेळ तीस.
एकोणतीस.
एक बाहीवर आलं होतं, मादी, आखूड पंखांची,
माझ्याबरोबर काट्याकडे बघत असल्यासारखी.
झटकली नाही.
बोट पुढे केलं, ती बोटावर आली,
तिला कडेवरून आत सोडलं,
आणि बटण चालू करून
गाजर किसायला घेतलं.